मोटारीचे दार गोठू नये म्हणून: आधी पाणी शोधावे

आपल्या प्रश्नाचा मला समजलेला आशय असा. आपली चार दारांची मोटार रात्री घराशेजारी उघड्यावर उभी असते. हिवाळा सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोन-तीन सकाळी तिची दारे गोठून चिकटतात. त्यातही चालकाचे दार आणि त्यामागचे दार ही दोन नेहमीची, पलीकडची दोन क्वचित. आपण रबराला पेट्रोलियम जेली लावून पाहिली, एकदा किटलीतले गरम पाणी ओतले आणि गेल्या आठवड्यात दार ओढता ओढता बाहेरचे हँडलच मोडले. आता रबराला नेमके काय लावावे, एवढेच आपण विचारले आहे. मात्र जाता जाता आपण आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. तापमापक २ अंश सेल्सियस दाखवत असतानाही एकदा दार गोठले होते, आणि गाडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी ते हमखास गोठते. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन ओळींत आणि ‘एकाच बाजूची दोन दारे’ या निरीक्षणात आहे. रबराला काय लावावे, हा त्यानंतरचा मुद्दा.

थंड हवामानात गाड्यांची दुरुस्ती करताना माझे वीसहून अधिक हिवाळे गेले आहेत, आणि या काळात मी एक गोष्ट पक्की शिकलो. थंडी स्वतः दार चिकटवत नाही. कोरडे रबर आणि कोरडा पत्रा कडाक्याच्या थंडीतही एकमेकांना धरून ठेवत नाहीत. फार तर रबर कडक होते आणि दार उघडताना करकरते. दार चिकटते ते रबर आणि पत्रा यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याच्या पातळ थरामुळे. हा थर कागदाइतका पातळ असला तरी दाराच्या चारही कडांनी तो काही मीटर लांब पसरलेला असतो, आणि त्याचा बर्फ झाला की तेवढ्या सगळ्या लांबीवर दार चिकटलेले असते. म्हणून कोणी माझ्याकडे गोठलेल्या दाराची तक्रार घेऊन आला की काय लावायचे हे सांगण्याआधी मी विचारतो की पाणी येते कोठून.

त्याही आधी एक खात्री करून घ्यावी लागते, ती म्हणजे गोठले आहे ते नेमके काय. ‘दार गोठले’ या दोन शब्दांत निदान तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. हँडल नेहमीसारखे ओढले जाते, आत खटका सुटल्याचा आवाज येतो, पण दार जागचे हलत नाही. असे असेल तर बर्फ रबराच्या पट्टीपाशी, म्हणजे आपण ज्याला बीडिंग म्हणतो तिथे आहे. हँडल ओढले असता ढिले लागते, किंवा ओढल्यावर पुन्हा जागेवर येत नाही; असे असेल तर हँडलची यंत्रणा, तिची केबल किंवा दारातला खटका गोठला आहे. चावी आतच जात नाही किंवा गेली तरी फिरत नाही. तेव्हा कुलपाच्या नळीत पाणी गेलेले असते. आपण लिहिले आहे की हँडल मोडण्यापूर्वी ‘टक्’ असा आवाज नेहमीप्रमाणे येत होता. त्यावरून आपला खटका ठीक असून अडचण रबरापाशी आहे, असे मी धरून चालतो. एक चौथी शक्यताही सांगून ठेवतो. मागचे दार फक्त आतून उघडत नसेल आणि बाहेरून सहज उघडत असेल, तर दाराच्या कडेला असलेले मुलांसाठीचे कुलूप पाहावे. एका कडाक्याच्या सकाळी मी एका दाराला अर्धा तास गरम हवा देत बसलो होतो आणि ते दार या कुलपाने बंद होते, हे कबूल करायला आता मला लाज वाटत नाही.

आता पाण्याकडे वळू. मोटारीचे दार जलरोधक असते असा बहुतेकांचा समज आहे, पण ते तसे नसते आणि तसे बनवलेलेही नसते. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी काचेवरून ओघळत काचेच्या तळाशी असलेल्या पट्टीतून दाराच्या पोकळीत जातेच. ते दाराच्या खालच्या कडेला ठेवलेल्या छोट्या भोकांतून किंवा फटींतून बाहेर पडावे, अशी रचना असते. ही भोके धूळ, पाने आणि मेणासारख्या गंजरोधक लेपाने बुजली की पाणी दारातच साचते. मग ते खालच्या कडेवरून रबरावर झिरपत राहते आणि दाराचा तळ सतत ओला राहतो. दार जोरात लावले किंवा गाडी चढावर नेली असता दारातून पाणी खळखळल्याचा आवाज आला, तर निदान तिथेच झाले असे समजावे. एका गाडीच्या दाराखाली प्लास्टिकची बारीक काडी फिरवताच तळहात भिजवणारी धार लागली होती. त्या गाडीच्या मालकाने त्याआधी दोन हिवाळे रबराला निरनिराळी रसायने लावण्यात घालवले होते. भोके साफ करताना धातूची तार वापरू नये, कारण तिने रंग खरवडतो आणि गंजाला वाट मिळते. प्लास्टिकची काडी किंवा जाड नायलॉनचा दोरा पुरतो.

दुसरे पाणी आपण स्वतः आत आणतो. बुटांना लागलेला बर्फ पायाखालच्या चटईवर वितळतो, ओल्या कोटाची वाफ होते, आणि गाडीतली माणसे सारखी श्वास सोडत असतात. २० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये साधारण १७ ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते, तर ० अंशांची हवा ५ ग्रॅमही धरू शकत नाही. याचा अर्थ असा की आपण उबदार, दमट गाडी बंद करून घरात जाता तेव्हा गाडी थंड होत जाताना आतले जादा बाष्प कोठेतरी उतरणे अटळ असते. ते सर्वांत थंड भागावर उतरते, म्हणजे काचांवर आणि दाराच्या चौकटीवर, जिथे पत्रा बाहेरच्या थंडीशी थेट जोडलेला असतो. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला हिमाचा पापुद्रा दिसत असेल, तर दाराच्या रबरावरही तेच घडले आहे हे समजून जावे. चालकाचे दार नेहमी आधी गोठण्याचे एक कारण हेही आहे. तेच दार सर्वाधिक उघडते, त्याच बाजूची चटई सर्वांत ओली असते, आणि आत-बाहेर करताना पाय घासून उंबऱ्यावरचे रबर तिथेच सर्वांत आधी झिजते.

यावरचा उपाय फुकट आहे, आणि तरीही तो करणारे फार थोडे भेटतात. घरी पोहोचण्याच्या दहा मिनिटे आधी आतली हवा आतच फिरवण्याची व्यवस्था बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. बाहेरची थंड हवा आपल्याला ओलसर वाटत असली तरी तिच्यात प्रत्यक्ष बाष्प फार कमी असते, त्यामुळे ती तापून गाडीतून फिरली की ओलावा सोबत घेऊन बाहेर पडते. गाडी उभी केल्यावर दोन्ही बाजूंची दारे दोन-तीन मिनिटे उघडी ठेवावीत, म्हणजे उबदार दमट हवा निघून जाते आणि रबर व चौकट बाहेरच्या तापमानाला येतात. चटया काढून झटकाव्यात आणि शक्य असेल तर रात्री घरात न्याव्यात. चटईखालचे कापड हाताने दाबून पाहावे. तिथे ओल असेल तर ती केवळ बुटांची नसेल, छतातल्या काचेच्या खिडकीची निचरा नळी बुजल्याचा किंवा आणखी कोठून गळती होत असल्याचा तो पुरावा असू शकतो. अशी गळती असेल तोवर बाकीचे उपाय अपुरेच पडतील.

तिसरे पाणी वरून येते. आपल्या गाडीची एकच बाजू गोठते, म्हणून माझी विनंती आहे की संध्याकाळी गाडीशेजारी थोडा वेळ उभे राहून वर पाहावे. त्या बाजूला घराच्या छपराच्या पागोळ्या पडत असतील, तर दिवसभर वितळलेला बर्फ ठिबकत दाराच्या फटीत शिरतो आणि रात्री तिथेच गोठतो. किंवा ती वाऱ्याची बाजू असेल आणि भुरभुरता बर्फ फटीत भरत असेल. दोन्ही बाबतींत गाडी उलट्या तोंडाने उभी करून आठवडाभर पाहावे. गोठणारी दारे बदलली, म्हणजे नेहमीची दोन सुटली आणि पलीकडची दोन धरली, तर दोष जागेत आहे. तीच दोन गोठत राहिली तर दोष त्या दारांत आहे. मी हा साधा प्रयोग प्रत्येकाला आधी सुचवतो, कारण त्याला खर्च शून्य आहे आणि तो अर्धे तर्क एका फटक्यात बाद करतो.

तापमापक २ अंश दाखवत असताना दार कसे गोठले, हे कोडे वाटते तेवढे अवघड नाही. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. तापमापक मात्र हवेचे तापमान सांगतो, आणि तो घराच्या भिंतीजवळ असेल तर त्याला भिंतीची ऊबही मिळत असते. म्हणून पत्र्यावर आधी दव उतरते आणि मग तेच गोठते. हे टाळायला छप्पर असलेली जागा उत्तम. ती नसेल तर झाड किंवा उंच भिंत यांच्या आडोशाने आकाशाचा बराच भाग झाकला जातो आणि फरक पडतो. मात्र तो आडोसा पागोळ्यांचा नसावा, हे ओघाने आलेच. शक्य असल्यास गाडी अशी उभी करावी की त्रास देणाऱ्या बाजूवर सकाळचे ऊन पडेल.

गाडी धुण्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. रस्त्यावर टाकलेले मीठ पत्रा खाते, म्हणून हिवाळ्यात गाडी धुवावीच लागते, पण दाराच्या दृष्टीने ती धुण्याची वेळ फार महत्त्वाची असते. तापमान शून्याच्या वर असेल आणि रात्र पडायला काही तास असतील असा दिवस निवडावा. जोराच्या धारेने दाराच्या फटीत आणि कुलपाच्या भोकात थेट पाणी मारू नये. धुऊन झाल्यावर सर्व दारे, डिकीचे दार आणि इंधनाच्या टाकीचे झाकणही उघडावे. रबर, त्यासमोरची चौकट आणि दाराची खालची कड कोरड्या फडक्याने पुसावी. मग दारे दोन-तीनदा उघड-बंद करून पुन्हा एकदा पुसावे, कारण पहिल्या पुसण्यानंतर फटींत दडलेले पाणी या उघड-बंद करण्याने बाहेर येते. आपण गाडी धुऊन लगेच उभी करत असाल, तर दुसऱ्या दिवशी दार गोठणे हा त्याचा ठरलेला परिणाम आहे.

इथवरचे सारे सांभाळल्यावर आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. रबराला लेप लावण्यामागचा हेतू असा की बर्फ झालाच तर त्याची रबरावरची पकड कच्ची राहावी. यासाठी मी सिलिकॉन वापरतो. त्यावर पाणी पसरत नाही, पाण्याचे थेंब होतात आणि बरेचसे ओघळून जातात. जे गोठते ते रबराला घट्ट धरू शकत नाही आणि थोड्या जोराने सुटते. हे लक्षात घेतले की लेपाकडून किती अपेक्षा करावी हेही स्पष्ट होते. तो पाणी थांबवत नाही. साचलेल्या पाण्याचा जाड बर्फ झाला तर उत्तम सिलिकॉनही हार मानते.

माझी पद्धत अशी. शून्याच्या वरचा, शक्यतो कोरडा दिवस निवडतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन रबराची पूर्ण पट्टी धुतो, तिच्या घड्यांत साचलेली माती काढतो आणि समोरचा रंगवलेला पत्राही पुसून घेतो, कारण मळ स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. मग रबर पूर्ण वाळू देतो. ओल्या रबरावर सिलिकॉन लावणे म्हणजे पाणी आत कोंडणे. त्यानंतर रबरासाठी मिळणारी सिलिकॉनची कांडी किंवा शुद्ध सिलिकॉनचा फवारा वापरतो. फवारा थेट दारावर न मारता फडक्यावर मारून पुसतो. हात फिरवल्यावर रबर गुळगुळीत लागावे पण हाताला थर लागू नये, एवढा पातळ लेप पुरतो. हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि नंतर साधारण दर महिन्या-दीड महिन्याने, शिवाय प्रत्येक मोठ्या धुण्यानंतर तो पुन्हा लावावा लागतो. फडक्यावर मारण्याचा आग्रह एवढ्यासाठी की उडालेले सिलिकॉन समोरच्या काचेवर बसले तर पावसात डोळ्यांपुढे धुरकट पट्टे उमटतात, आणि पायाच्या पेडलांवर बसले तर पाय घसरतो. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी की सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नवा रंग नीट बसत नाही, त्यात खड्ड्यांसारखे गोल डाग पडतात. म्हणून दाराचा पोचा काढून रंग मारून घ्यायचा विचार असेल, तर रंगाऱ्याला सिलिकॉन वापरल्याचे आधीच सांगावे.

आपण वापरलेल्या पेट्रोलियम जेलीविषयी. बहुतेक मोटारींच्या दाराचे रबर ईपीडीएम या प्रकारचे असते. ते ऊन, पाणी आणि थंडी उत्तम सोसते, पण खनिज तेलाशी त्याचे जमत नाही, आणि पेट्रोलियम जेली त्याच कुळातली. तेल शोषून ते फुगते आणि मऊ पडते. एकदोनदा जेली लावल्याने आपले रबर बिघडले असेल असे मुळीच नाही, ते साबणाने धुऊन टाकले की पुरे, पण वर्षानुवर्षे हा प्रयोग करू नये. मी शिकाऊ असताना एका गाडीच्या चारही रबरांना मोठ्या उत्साहाने इंजिनचे तेल चोळले होते. त्या हिवाळ्यात दारे गोठली नाहीत, पण उन्हाळ्यापर्यंत रबर ठिकठिकाणी फुगून दार लावताना मागे ढकलू लागले. त्यानंतर खनिज तेलाच्या फवाऱ्यांपासून मी रबर जपूनच ठेवतो. स्वयंपाकाचे तेल वेगळ्या कारणाने टाळावे. ते थंडीत घट्ट होते, चिकट राहते आणि धूळ गोळा करते. ग्लिसरीन हा जुना उपाय वाईट नाही. ते या रबराला बाधत नाही आणि पाण्यात मिसळून त्याचा गोठणबिंदू खाली आणते. पण त्याच गुणामुळे ते पाण्याबरोबर धुऊनही जाते, म्हणून वारंवार लावावे लागते. हाताशी दुसरे काहीच नसेल तर मी ग्लिसरीन लावीन.

लेप लावण्यापूर्वी रबराची तब्येत पाहणे मात्र विसरू नये. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. थोडा विरोध करीत ती बाहेर आली तर दाब ठीक आहे. विनासायास सरकली तर त्या ठिकाणी रबर चपटे झाले आहे किंवा बिजागरी झिजून दार खाली बसले आहे. दाराच्या सगळ्या कडांवर अशी पट्टी फिरवली की पाणी शिरण्याच्या जागा हाताला कळतात. रबराची पट्टी बहुधा आतून पोकळ असते. ती फाटली असेल तर त्या पोकळीत पाणी भरते आणि गोठून दांड्यासारखे कडक होते. अशा रबराला कोणताही लेप उपयोगी नाही, ते बदलावे.

एका प्रसंगात मात्र वरचे बहुतेक उपाय अपुरे पडतात. पाऊस पडता पडता गाडीवरच गोठतो तेव्हा बर्फ रबरापाशी नसून दाराच्या बाहेरच्या फटीवर काचेच्या कवचासारखा बसतो आणि हँडललाही गिळून टाकतो. तिथे आतल्या सिलिकॉनचा काय उपयोग? असा पाऊस येणार असल्याचा अंदाज असेल तर गाडीवर आवरण घालावे. ते फडफडणार नाही असे बांधावे, आणि आवरण घालण्यापूर्वी गाडी कोरडी आहे ना हे पाहावे. पूर्ण आवरण नसेल तर निदान एका बाजूची दारे आणि हँडले झाकली जातील असे जाड प्लास्टिक लावले तरी सकाळी आत शिरायला एक दार मिळते, आणि एक दार मिळाले की बाकीचे काम गाडीचा हीटर करतो.

कुलूप आणि खटका यांविषयी थोडक्यात, कारण आपली तक्रार ती नाही. कुलपाच्या नळीत ग्राफाइटची कोरडी पूड किंवा कोरडे वंगण घालावे, तेल आणि ग्राफाइट एकत्र करू नये, त्याचा चिखल होतो. कुलूप गोठलेच तर अल्कोहोल असलेला बर्फ वितळवणारा फवारा मारावा, आणि तो फवारा घरात किंवा कोटाच्या खिशात ठेवावा. तो गाडीतच ठेवणारी माणसे मला दरवर्षी भेटतात. चावी काडीच्या ज्योतीवर तापवण्याची जुनी युक्ती आजच्या इलेक्ट्रॉनिक चाव्यांना मारक आहे. खटक्याच्या बाबतीत अनेकदा दोष बर्फाचा नसून जुन्या, थंडीत घट्ट झालेल्या ग्रीसचा असतो. दार उघडते पण नंतर लागतच नाही, उसळून परत येते, ही त्याची खूण. अशा दाराने गाडी चालवू नये. खटका कोमट हवेने मोकळा करून, जुने ग्रीस काढून थंडीत पातळ राहणारे वंगण घालावे.

एवढे करूनही एखाद्या सकाळी दार धरलेच, तर ओढू नये, ढकलावे. अंगाचा भार देऊन तळहाताने दाराच्या कडांवर, विशेषतः वरच्या कोपऱ्यांवर आणि हँडलच्या बाजूला आतल्या दिशेने दाबत जावे. रबर दबते, बर्फ दबत नाही, म्हणून तो तडकतो. त्याचा बारीक कडकड आवाज ऐकू येतो आणि मग दार सहज सुटते. तोवर दुसरे दार किंवा डिकीचे दार उघडते का ते पाहावे. आत शिरता आले तर हीटर लावून शांतपणे थांबावे. मात्र इंजिन सुरू ठेवायचे असेल तर गाडी बंद जागेत नसावी आणि धुराच्या नळीचे तोंड बर्फाने बुजलेले नसावे, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. फटीतला बर्फ काढायला प्लास्टिकची खरवडणी वापरावी, पेचकस नाही.

गरम पाणी ओतण्याला माझा ठाम विरोध आहे. गोठलेल्या काचेवर ते पडले तर काच तडकू शकते. ती वाचली तरी ओतलेले सगळे पाणी पुन्हा फटीत, खटक्यात आणि दाराच्या पोकळीत जाते आणि दुसऱ्या दिवसासाठी गोठायला तयार राहते. आपल्या तक्रारीचा एक हिस्सा त्या किटलीचाही असू शकेल. मिठाचे पाणी पत्र्याला गंजवते. व्हिनेगर सांगणारे पुष्कळ आहेत, पण ५ टक्क्यांचे व्हिनेगर पाण्याचा गोठणबिंदू जेमतेम २ अंशांनी खाली आणते, म्हणजे खऱ्या थंडीत त्याचाही बर्फच होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र खरोखर काम करते. शुद्ध स्वरूपात ते उणे ८९ अंशांच्या आसपास गोठते, आणि दोन भाग अल्कोहोल व एक भाग पाणी हे मिश्रणही नेहमीच्या कडक थंडीत द्रवच राहते. ते फटीवर मारून दोन मिनिटे थांबावे. ज्वालाग्राही असल्याने ठिणगीपासून दूर ठेवावे, आणि दार उघडल्यावर रबर पुसून घ्यावे, कारण वारंवार लागल्यास ते रबरावरचा लेप घालवते. रेडिएटरमधला गोठणरोधक द्रव कधीही वापरू नये. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते, आणि ते चाटलेली कुत्री-मांजरे दगावतात.

काही गोष्टी आपल्या गाडीच्या घडणीवर अवलंबून आहेत आणि त्या आपण लिहिलेल्या नाहीत. दाराच्या काचेला भोवती चौकट नसेल, तर हँडल ओढताच काच काही मिलिमीटर खाली सरकते आणि मगच दार सुटते. ही काच वरच्या रबरात गोठली असेल तर ढकलण्यापूर्वी तिची वरची कड मोकळी करावी, नाहीतर काच चढवणारी यंत्रणा तुटू शकते. हँडल पत्र्यात बुडालेले आणि आपोआप बाहेर येणारे असेल, तर त्यावरचा बर्फ बाजूने हलक्या ठोक्यांनी सोडवावा आणि गाडी दुरून गरम करण्याची सोय असल्यास ती आधी वापरावी. काचेच्या उभ्या खाचांतही कोरड्या फडक्याने सिलिकॉनचा पातळ हात फिरवावा, पण काच गोठलेली असताना बटण दाबत राहू नये.

मोडलेल्या हँडलविषयी एक विनंती आहे. नवे हँडल बसवताना दाराचे आतले आवरण काढावेच लागेल. त्या वेळी कारागिराला तीन गोष्टी पाहायला सांगाव्यात. हँडलपासून खटक्यापर्यंतची केबल ताणली गेली आहे का, कारण ओढाओढीत हँडलबरोबर तिचेही नुकसान झालेले असू शकते. आवरणामागचा प्लास्टिकचा पडदा जागेवर नीट चिकटलेला आहे का, कारण तो सुटला की दारातले पाणी गाडीच्या आत उतरते. आणि दाराच्या तळाची भोके मोकळी आहेत का, हे दारात वरून पेलाभर पाणी ओतून तिथेच, आपल्यासमोर पाहावे. ते काही क्षणांत खालून बाहेर आले नाही, तर ती भोके मोकळी करूनच आवरण परत बसवावे. शेजारच्या मागच्या दाराचे आवरण त्यासाठी काढण्याची गरज नाही. त्याच्या तळाची भोके बाहेरूनच काडी घालून तपासता येतात.